सासरेबुवांचा किलोमीटर

"आई, तुम्ही चहाचं आधण ठेवा. उकळी फुटायच्या आत गाडीखालून बाहेर येतो की नाही बघा!"

शनिवारी सकाळी नऊ वाजता जावईबापूंनी सासूबाईंना असं छातीठोकपणे सांगितलं, बाह्या सरसावल्या आणि ते गाडीखाली शिरले. त्या दिवशी त्या घरात सात वेळा आधण उकळलं, सातही वेळा चहा झाला आणि त्यात सहा वेळा तो कप गॅरेजच्या फरशीवरून गाडीखाली सरकवावा लागला.

आता जावईबापू म्हणजे कोणी लेचापेचा माणूस नव्हे हं! वजनमापे खात्यात निरीक्षक. एकोणीस वर्षांची नोकरी. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण पटापट खरवडायला घ्यायचे. पेट्रोल पंपावर त्यांच्या पिशवीतून पितळी माप बाहेर आलं की पंपवाल्याला घाम फुटायचा. घरीही तोच खाक्या. बायको म्हणाली, "पाच मिनिटांत तयार होते," की हे घड्याळ लावून बसायचे आणि चाळिसाव्या मिनिटाला ती बाहेर आली की म्हणायचे, "आठपट खोट!" अशा माणसाला एक साधा काटा सुधारता येऊ नये?

काटा होता सासरेबुवांच्या गाडीचा. गाडी कसली, जीव की प्राण! दोनच माणसांची, लालभडक, लांबलचक नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. नाव ठिणगी. वयाने जावईबापूंपेक्षा मोठी, पण तोरा असा की जणू कालच शोरूममधून निघालीय. तिच्यात बसायचं म्हणजे आधी एक पाय, मग पाठ, मग देवाचं नाव आणि शेवटी दुसरा पाय आत घ्यायचा. इंजिन ठणठणीत, ब्रेक ठणठणीत. फक्त स्पीडोमीटरचा भरवसा नाही.

त्या जुन्या मीटरची तऱ्हाच तशी. गिअरबॉक्समधून एक तार निघते, नळीतून गरागरा फिरत डॅशबोर्डापर्यंत येते आणि काट्याला ढकलते. ठिणगीची तार झिजली होती. गाडी साठने चालली असली की काटा तीस ते नव्वदच्या मधे थयथयाट करायचा.

"साधारण मधला आकडा धरायचा," सासरेबुवा सांगायचे. 'साधारण' हा शब्द ऐकला की जावईबापूंचा हात आपोआप खिशातल्या टेपकडे जायचा.

एरवी हेही खपून गेलं असतं. पण रविवारी जुन्या गाड्यांची शर्यत होती. ही शर्यत जोरात पळण्याची नव्हे, नेमकं चालण्याची. पाच टप्पे, आणि सगळे ताशी बरोबर चाळीसने पार करायचे. टप्पा किती लांब ते आधी सांगत नाहीत. तुम्ही लवकर पोचलात तरी गुण जाणार, उशिरा पोचलात तरी जाणार. सेकंदाला एक! थयथयाटी काट्यापायी सासरेबुवा तीन वर्षं ओळीने शेवटून पहिले येत होते.

आणि यंदा सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं.

"हे बघा, माझ्या शिवणवर्गाच्या सहा जणी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून काजं करतात. आणि ही भवानी एकटी अख्खं गॅरेज अडवून बसलीय! यंदा पहिल्या तिघांत आलात तर राहू दे तिला. नाही तर सोमवारी सकाळी दातांचे डॉक्टर तिला घेऊन जातील आणि गॅरेजमधे माझी मशिनं लागतील. मी शब्द देऊन बसलेय."

दातांचे डॉक्टर म्हणजे समोरच्या बंगल्यातले. त्यांची स्वतःची एक जुनी गाडी होती, साबणाच्या वडीसारखी पांढरी आणि गुळगुळीत, पण डोळा होता ठिणगीवर. येता-जाता फाटकाशी थांबायचे आणि एखादी दाढ कधी काढता येईल याचा अंदाज घ्यावा तसे तिच्याकडे बघायचे.

सासरेबुवांनी जावयाला फोन लावला. "जावईबापू," त्यांचा आवाज अगदी रडवेला झाला होता, "वाचवा हो माझ्या पोरीला!"

"काय झालं तिला? आत्ता तर इथे फोडणी करत होती!"

"ती नव्हे हो! ठिणगी!"

सासऱ्याने जावयापुढे हात जोडावेत असा योग आयुष्यात एकदा आला तर येतो. जावईबापूंची छाती दोन इंच फुगली. त्यांनी चार दिवस पुस्तकं वाचली, सेन्सर आणला आणि शनिवारी हजर झाले.

"काही विशेष नाही, बाबा. तार काढायची आणि तिच्या भोकात हा बोटाएवढा सेन्सर बसवायचा. आतलं चाक फिरलं की हा टिचक्या मोजणार, वायरीतून या डबीला कळवणार, आणि डबी काट्याला सांगणार किती दाखवायचं ते."

"पण माझी तबकडी? माझा काटा?"

"तुमचेच. चेहरा जुना, पोट नवं. शिवाय तबकडीतल्या या छोट्या खिडकीत किती किलोमीटर झाले तेही दिसेल. दशांशात!"

दशांशाच्या नुसत्या उच्चाराने जावईबापूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

जुन्या तारेची चाकी काढण्यात तीन चहा गेले. ती इतक्या वर्षांत गिअरबॉक्सशी एकजीव झाली होती. चौथ्या चहाला ती निघाली, आणि तिच्याबरोबर पेलाभर काळं तेल जावईबापूंच्या डाव्या कानात गेलं. पाचव्या चहाला सेन्सर बसला. सहाव्याला वायरी जोडल्या. दुपारी तीनला सासरेबुवांनी देवाला नमस्कार केला आणि किल्ली फिरवली.

ठिणगी गुरगुरली. काटा हलला. वीस, चाळीस, सत्तर, एकशे दहा! काटा एकशे दहावर ठाम उभा राहिला. गाडी गॅरेजमधे, चारही चाकं फरशीवर, हँडब्रेक ओढलेला!

तेवढ्यात सासूबाई डोकावल्या. त्यांनी तबकडी पाहिली, चाकं पाहिली, मग नवरा आणि जावई दोघांना आळीपाळीने पाहिलं.

"जागच्या जागी एकशे दहा? बरं झालं! आता बाहेर काढायलाच नको. इथेच शर्यत करा!"

जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको मागून म्हणाली, "चहाचं आधण उकळायच्या आत होणार होतं ना? मी गुणाकार करत नाही. तुम्हीच सांगा कितीपट खोट ते."

जावईबापू कानातलं तेल पुसत पुन्हा खाली शिरले. चूक सापडली. सेन्सरची वायर त्यांनी स्पार्क प्लगच्या वायरींना खेटून नेली होती, त्यामुळे सेन्सर बिचारा ठिणग्याही चाकाच्या टिचक्या समजून मोजत होता. त्यांनी वायर दुसऱ्या बाजूने, जाळीच्या आवरणातून फिरवून आणली. पुन्हा किल्ली. काटा शून्यावर! सासरेबुवांनी जावयाला मिठीच मारली, आणि सातवा चहा झाला.

आता उरलं होतं एकच काम. डबीला किलोमीटर म्हणजे किती ते शिकवायचं. युक्ती सोपी होती. बटण दाबायचं, नेमकं एक किलोमीटर जायचं, पुन्हा बटण दाबायचं. तुम्ही जेवढ्याला किलोमीटर म्हणाल, तेवढ्याला डबी जन्मभर किलोमीटर म्हणणार.

"चला बाबा, मोठ्या रस्त्याला जाऊ. तिथे किलोमीटरचे दगड आहेत."

"दगड कशाला?" सासरेबुवा म्हणाले. "माझी चक्कर आहे की!"

सासरेबुवांची चक्कर हे त्या वसाहतीतलं मोठं प्रस्थ होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाच किलोमीटर चाला. सासरेबुवांनी सायकलच्या चाकाला चिंधी बांधली, चाकाचे फेरे मोजत वसाहतीभोवती एक वाट आखली आणि फाटकाच्या खांबावर पांढरी रेघ मारली. रेघेपासून निघून रेघेपाशी परत, बरोब्बर एक किलोमीटर. अशा रोज पाच चकरा. पाच झाल्या की सासूबाई कपाटाचं कुलूप काढायच्या आणि दिवसाकाठी एक कप साखरेचा चहा द्यायच्या. चकरा चार, तर साखर बंद. असा कडक कायदा!

"नाही, चक्कर चांगलीच आहे," जावईबापू चाचरत म्हणाले, "पण दगड सरकारी असतात ना…"

सासरेबुवांचा चेहरा उतरला. "म्हणजे रस्त्यावरच्या दगडावर तुमचा विश्वास आहे. सासऱ्यावर नाही."

झालं! बाजारातल्या कुठल्याही व्यापाऱ्याने हे वाक्य टाकलं असतं, तर जावईबापूंनी तिथल्या तिथे टेप काढून त्याच्या दुकानाची लांबी मोजली असती. पण हा सासरा होता. सासऱ्याच्या शब्दाला पट्टी लावायची नसते. आणि चिंधीची रीत तर शास्त्रशुद्ध होती, ती जावईबापूंनी लग्नापासून चाळीस वेळा ऐकली होती. त्यांनी मान डोलावली.

मात्र बाकी कशात म्हणून कसूर केली नाही! चारही टायरांची हवा खात्याच्या शिक्क्याच्या गेजने तपासली. सासरेबुवांच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला, उगाच वजन नको म्हणून. पुढचं चाक पांढऱ्या रेघेवर आणायला सात वेळा मागेपुढे केलं. मग श्वास रोखून बटण दाबलं.

"इथे डावीकडे घ्या," सासरेबुवा म्हणाले.

"सरळ नाही?"

"सरळ गेलं की कोपऱ्यावर कुत्रा आहे. फार अंगावर येतो. म्हणजे यायचा. मेला त्याला सहा वर्षं झाली."

जावईबापूंचं सगळं लक्ष बटणावर आणि चाकावर. ते डावीकडे वळले.

"आता टाकीकडे जाऊ नका. या मधल्या रस्त्याने. तिकडे पाइपासाठी खणलं होतं ना."

"अजून खणलेलंच आहे?"

"छे, कधीच बुजवलं. पण पायाला हीच सवय झाली. आणि आता वाचनालयामागून काढा. पुढच्या घरात विमा एजंट राहतो, तो एकदा दिसला की तासभर सोडत नाही."

ठिणगी रेघेपाशी परत आली. जावईबापूंनी केसाचाही फरक न ठेवता चाक रेघेवर आणलं आणि बटण दाबलं. डबीतला हिरवा दिवा लागला. तिने सासरेबुवांचा किलोमीटर शिरसावंद्य मानला.

रविवारी सकाळी बारा गाड्या ओळीने उभ्या होत्या. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सोडल्या. ठिणगीचा नंबर पहिला, तिच्या मागे दातांचे डॉक्टर. सुकाणू जावईबापूंच्या हाती, कारण सासरेबुवांचा पाय भावनेच्या भरात ॲक्सिलरेटरवर पडायचा. सासरेबुवा शेजारी, गुडघ्यांमधे फिरायची काठी, मांडीवर रस्त्याचा कागद, नजर काट्यावर.

आणि काटा! असा काटा जन्मात पाहिला नव्हता. चाळीसच्या रेघेवर जो बसला, तो हलेचना. चढ आला, उतार आला, खड्डा आला, काटा आपला चाळीसवर.

"वा!" सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जावईबापू, यंदा कप आपला! तो कुठे ठेवायचा तेवढं ठरवा."

दोनच मिनिटांत डॉक्टरांची साबणवडी शेजारून सूं करून निघून गेली. जाताना डॉक्टरांनी सगळे दात दाखवले.

"गेला!" सासरेबुवा खुशीत म्हणाले. "उतावळा नवरा! सगळे गुण घालवणार बघा."

मग एक निळी गाडी गेली. मग एक हिरवी. मग तीन एकदम.

"बाबा, सगळेच उतावळे कसे?"

"अहो, थयथयाटी काटे सगळ्यांचे! आपण किती वर्षं तसेच धावलो नाही का?"

हे जावईबापूंना पटलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हेच पाहिलं होतं, की अख्खा बाजार खोटा असतो आणि एखादंच माप खरं. मग एक ट्रॅक्टर पुढे गेला. ट्रॅक्टरवाल्याने वाकून विचारलं, "पेट्रोल संपलंय का? दोर टाकू?" त्यानंतर घट्ट चड्डी घातलेला एक सायकलस्वार बराच वेळ बरोबरीने चालला, दोघांकडे दयेने पाहिलं आणि तोही पुढे गेला.

"व्यायाम चांगला आहे त्याचा," सासरेबुवा म्हणाले, पण जरा हळू आवाजात.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन माणसं टेबलाचे पाय मिटत होती. ती गडबडीने टेबल पुन्हा उघडून वेळ लिहू लागली. सासरेबुवा हरखले. "बघा! यांचं अजून टेबलही मांडून झालं नाही. आपण सगळ्यांच्या आधी!"

"पण बाबा, आपल्यापुढे अकरा गाड्या गेल्या…"

"रस्ता चुकल्या असणार. घाईत तसंच होतं."

दुसऱ्या टप्प्याच्या टेबलावरचा माणूस खुर्चीत झोपलेला सापडला. त्याला हलवून जागं करावं लागलं. या वेळी मात्र सासरेबुवांनी मांडीवरचा कागद उलटसुलट करून पाहिला.

तिसरा टप्पा मोठ्या रस्त्याला लागला आणि कडेला किलोमीटरचे दगड सुरू झाले. दगड दिसला की मोजायचं, हा जावईबापूंचा धर्म! त्यांनी खिडकीतल्या आकड्यांकडे पाहिलं. पहिल्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत एक पॉइंट तीन पाच किलोमीटर. त्यांनी डोळे चोळले. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत पुन्हा एक पॉइंट तीन पाच.

"बाबा, हे दगड चुकीचे वाटतात."

"असतील."

"तिसऱ्यापासून चौथाही! सगळे कसे चुकतील?"

"ठेकेदार एकच असणार ना!" सासरेबुवा म्हणाले.

आणि त्याच क्षणी जावईबापूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेलेला कुत्रा! बुजवलेला खड्डा! विमा एजंट! तिघांना टाळता टाळता चक्कर आखडत गेली होती. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. सासरेबुवांचा किलोमीटर सातशे चाळीस मीटरचा होता. म्हणजे काटा चाळीस दाखवत होता तेव्हा ठिणगी जेमतेम तीसने रांगत होती. खरं चाळीसने जायचं तर काटा चोपन्नवर हवा!

त्यांना दरदरून घाम फुटला. खरं सांगावं, तर अकरा वर्षं रोज पहाटे उठून जो किलोमीटर बाबांनी मिरवला, त्याच्यावर त्यांच्याच मांडीला मांडी लावून जप्ती आणायची. न सांगावं, तर उद्या सकाळी ठिणगी समोरच्या बंगल्यात! बाबा शेजारी बसून काट्यावर पहारा देत होते. काय करावं या माणसाने?

जावईबापूंनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. "बाबा, माझ्याकडून चूक झालीय. सेन्सर… सेन्सर तापलाय. तापला की तो जास्त दाखवतो."

एकोणीस वर्षांत खोट्या मापाची बाजू घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"तापलाय?" सासरेबुवांनी विचारलं.

"हो. काटा चोपन्नवर ठेवला की खरे चाळीस."

"चोपन्नच का? पंचावन्न का नाही?"

"अंदाज हो, बाबा."

"तुम्ही? अंदाज?" सासरेबुवा एवढंच म्हणाले. मग ते खिडकीबाहेर दगड बघू लागले. एक दगड गेला, दुसरा गेला. प्रत्येक दगडाशी त्यांचे डोळे हळूच आकड्यांकडे जात होते. शेवटी त्यांनी कागद सारखा केला आणि म्हणाले, "ठेवा चोपन्नवर. आणि हलू देऊ नका."

जावईबापूंनी हलू दिला नाही.

शेवटच्या टेबलाशी सगळी मंडळी जमली होती. बायको होती. गळ्यात मोजपट्टी घालून सासूबाई होत्या, त्या गॅरेज मोजूनच आल्या होत्या. दातांचे डॉक्टर दुसरे आले होते आणि तो कप काखेत धरून ठिणगीभोवती घिरट्या घालत होते. पंच म्हणजे जमीनमोजणीतले निवृत्त गृहस्थ. त्यांनी चष्मा वर केला.

"ठिणगी. पहिला टप्पा, सहा मिनिटं वीस सेकंद उशीर. दुसरा टप्पा, सहा मिनिटं वीस सेकंद उशीर." ते थांबले. "चूकसुद्धा इतकी नेमकी मी आजवर पाहिली नाही! तिसरा, तीन मिनिटं. चौथा, एक सेकंद. पाचवा, शून्य."

मंडळीत कुजबुज झाली. पंचांनी पुन्हा कागद पाहिला.

"शेवटचे दोन टप्पे असे कोणीच चालवले नाहीत. पण बेरीज ती बेरीज. बारावा नंबर. पहिले दोन टप्पे काय झालं होतं?"

"माझा सेन्सर तापला," जावईबापू मान खाली घालून म्हणाले.

"अरेरे, निरीक्षकसाहेब!" दातांचे डॉक्टर खो खो हसले. "दुकानदारांना पकडता, आणि स्वतःचंच माप खोटं? आता तुमच्यावर शिक्का कोण मारणार?"

सगळे हसले. जावईबापूंचे कान लाल झाले, तेलाचा कानसुद्धा. आणि तेवढ्यात सासरेबुवांनी हातातली काठी ठिणगीच्या शेजारी अशी आपटली, की डॉक्टरांच्या काखेतला कप खाली पडला.

"खबरदार! माझ्या जावयाच्या मापात काडीचीही खोट नाही! सेन्सर तापला नव्हता. मीटर माझ्या चकरेवर लावला होता. खोट चकरेत आहे. कुत्र्याला टाळलं, खड्ड्याला टाळलं, त्या विमावाल्याला टाळलं, चक्कर आखडत गेली, आणि किलोमीटर मात्र किलोमीटरच म्हणत राहिलो! हे दगडांवर लावू म्हणत होते. मीच रुसून बसलो."

कोणी हसेना. जावईबापूंना भरून आलं. सासऱ्याने आपली अकरा वर्षांची अब्रू जावयाच्या अब्रूवरून ओवाळून टाकली होती, तीही भर चौकात!

सासूबाईंनी हळूच विचारलं, "जावईबापू, मग पाच चकरांचे किती झाले?"

खोटं बोलायचा दिवसाचा कोटा संपला होता. "तीन किलोमीटर सातशे मीटर."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे कितीतरी वर्षं तुम्ही माझ्याकडून फुकटची साखर खाताय!" सासूबाई नवऱ्याकडे वळल्या. सासरेबुवांनी ठिणगीच्या नाकावर हात ठेवला, निरोप घ्यावा तसा.

डॉक्टर कप पुसत पुढे आले. "मग वहिनी, उद्या सकाळी किल्ली…"

"कसली किल्ली?" सासूबाई कडाडल्या. "गाडी कुठेही जाणार नाही! घरात खरं सांगू शकेल असं एवढं एकच यंत्र आहे. जावईबापू, याला आधी सरकारी दगडांवर लावा. गॅरेज माझं, गाडी दारात. बाकीचं मी बघते."

बाकीचं त्यांनी कसं बघितलं, ते आता सगळी वसाहत रोज सकाळी सहाला बघते. गॅरेजमधे सहा मशिनं धडधडतात. दारात शिवणवर्गाने शिवलेल्या फुलाफुलांच्या झग्यात ठिणगी उभी असते. झगा उतरतो, आणि वरात निघते. पुढे सासरेबुवा काठी टेकत चालतात. मागे, पहिल्या गिअरमधे गुरगुरत, एके काळी वाऱ्याशी स्पर्धा करणारी ती लाल स्पोर्ट्स कार. आत सासूबाई हातात काज-बटण घेऊन बसलेल्या, नजर खिडकीतल्या दशांशांवर. आणि सुकाणूवर, पहाटेच आपल्या घरून आलेले, अर्धवट मिटल्या डोळ्यांचे जावईबापू, कारण सासूबाईंना गाडी येत नाही. गाडी वाचली, पण त्यांची पहाटेची झोप कायमची गेली.

परवा सासरेबुवा फाटकाशी थांबले. कपाळाचा घाम पुसला आणि आशेने मागे पाहिलं.

"चार पॉइंट सात!" आतून आवाज आला. "अजून तीनशे मीटर! आणि कुत्र्याच्या कोपऱ्यावरून जायचं! थांबा, माझा दोरा संपला, आणते. जावईबापू, लक्ष ठेवा!"

सासूबाई घरात गेल्या. सासरेबुवांनी इकडेतिकडे पाहिलं, ठिणगीच्या खिडकीशी कमरेत वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"जावईबापू, तो तुमचा सेन्सर… पुन्हा थोडासा तापेल का हो?"